सव्वाचार तास

कुरुळी, तालुका खेड

प्रिय अण्णा,

तुम्ही फोन उचलत नाही, चिठ्ठीला उत्तर देत नाही, म्हणून आता चारचौघांदेखत लिहायला बसले आहे. हा अंक तुमच्याकडे येतो आणि तुम्ही तो जाहिरातींसकट वाचता, हे काकूंनी मला सांगून ठेवलंय. तेव्हा 'पत्र मिळालंच न्हाई' ही सबब या वेळी चालायची नाही.

भांडायचंय, हेही आधीच सांगते. मागे काकूंकरवी निरोप धाडलात, "आता माझं काय काम तिथं? समदं मोबाइलवर आलंय." लागलं मला ते. कारण अर्धं खरं आहे. टँकरच्या पाठीवरच्या चौकटीतला चार आकडी नंबर मोबाइलवर टाकला की सगळं समोर येतं. 1075 म्हणजे एलपीजी, 1017 क्लोरीन, 1005 अमोनिया, 1789 हायड्रोक्लोरिक ॲसिड. तुम्ही आमच्याकडून घोकून घेतलेले हे आकडे आता घोकायची गरज राहिलेली नाही. किती मीटर मागे हटायचं, पाणी मारायचं की फोम, हातमोजे कुठले, तेही दिसतं. पण समोर दोनशे माणसं मोबाइल उंच धरून आडव्या टँकरचं शूटिंग करत उभी असली, तर त्यांना मागे कसं सारायचं? ते कुठल्या ॲपमध्ये आहे, सांगा बरं.

ड्रायव्हरांच्या प्रशिक्षणाची तुमची प्रत्येक बॅच कवठ्यापासून सुरू व्हायची. ड्रायव्हर मंडळी नाव-गाव सांगून बसली न बसली तोच तुम्ही खडू उचलायचात आणि फळ्यावर तारीख लिहायचात : 29 ऑक्टोबर 1987. सातारा जिल्हा, कवठे गावाजवळ, तेव्हाचा एनएच 4. पहाटे तीनच्या सुमाराला पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर होते. टँकर रस्ता सोडून वीसेक फुटांवर जातो आणि डाव्या कुशीवर पडतो. पेट्रोल गळायला लागतं, खाली साचतं. उजाडतं. माणसं जमतात. सव्वासातला स्फोट होतो. जमलेल्यांतले कित्येक भाजतात, काही जीव जातात.

इथं तुम्ही थांबायचात. चहा मागवायचात. मग तुमच्या त्या सातारी हिंदीत विचारायचात, "तीन से सव्वासात, कितना हुआ?" कुणीतरी बोटांवर मोजून सांगायचं, सव्वाचार घंटे. "तो उतने टाइम में तू क्या करता?" मालकाला फोन करता. पोलिसांकडं जाता. गाडीचे कागद काढून घेता. एकानं तर सांगितलं होतं, सामान उतरवून घेता, आठवतंय ना? तुम्ही हसला नाहीत. ज्या उत्तराची वाट बघायचात ते कधी यायचं, कधी नाही यायचं : रस्सी बांधता.

पुढे तुम्ही मला त्या अपघाताचा सुप्रीम कोर्टाचा 1991 चा निकाल वाचायला लावलात. "तू शिकलेली हायेस, इंग्रजी वाच आन मला सांग कोर्ट काय म्हनलं ते." वाचला. मृताच्या घरच्यांनी बिनदोष भरपाई मागितली होती, त्या वेळच्या कायद्यानं 15,000 रुपये. समोरच्यांचं म्हणणं असं की टक्कर झाली तीनला, स्फोट झाला सव्वासातला. तोवर टँकर चालत नव्हता, मग हा वाहनाच्या वापरातून झालेला अपघात कसा? कोर्टानं ते मानलं नाही. आडवा पडलेला टँकरसुद्धा वापरातच आहे, आणि टक्कर नि स्फोट यांचा एकमेकांशी संबंध आहे, असं ठरवलं. मी हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "म्हंजे तीन आन सव्वासात एकाच अपघाताचे हायेत, हे कळायला एवढं वर खाली जावं लागलं व्हय?" आणि खिडकीबाहेर बघत बसलात. मला वाटतं, तुमचं सगळं शिकवणं त्या एका प्रश्नात होतं. टँकर पलटी होणं तुमच्या हातात नाही. नंतरचे तास मात्र कुणाच्या तरी हातात असतात. ते कुणाच्या, हे आधी ठरलेलं नसलं तर ते कुणाच्याच नसतात.

मुंबईच्या गोदीचंही तसंच. 14 एप्रिल 1944, 'फोर्ट स्टिकीन' जहाज. त्याच दिवसाची आठवण म्हणून आपण दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळतो, आणि भाषणात कुणीतरी 66 शहीद जवानांचा आकडा सांगून हार घालतं. तुम्ही त्या दुपारचं वेळापत्रक सांगायचात. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा. दुपारी धूर दिसला. बंब आले, माणसं आत उतरली, पाणी मारणं सुरू झालं. जहाज बुडवायचं, की ओढून बाहेर न्यायचं, की गोदी रिकामी करायची? मत प्रत्येकाला होतं, हुकूम कुणाचाच नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. "शूर व्हते," तुम्ही म्हणायचात, "पर शूर मानसाला मागं हो म्हननारा कुनी वर नसला तर त्याचा शूरपना त्यालाच खातो." बॅचमधल्या फायरमनच्या पोरांना हे आवडायचं नाही. मला आवडायचं.

दर वेळी चार तास मिळतात असंही नाही, हे तुम्हीच सांगितलंत. 13 जून 2023 ला द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या कुणे पुलावर टँकर उलटून पेटला, आणि जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडलं. चार जण गेले, खालून आपल्या वाटेनं जाणारेही त्यात. त्या दिवशी तुमचा फोन आला होता. तेव्हा फोन करायचात तुम्ही! हॅलोच्या ऐवजी तुमचं ते नेहमीचं, "वारं कुठलं?" मी गच्चीवर जाऊन बघून सांगितलं, पश्चिमेचं. मग बराच वेळ तुम्ही काही बोलला नाहीत. दोरी बांधायलाही वेळ मिळत नाही अशा ठिकाणी काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर आपल्या दोघांकडेही नव्हतं.

पण वेळ होता तेव्हा तुम्ही काय केलंत तेही मी बघितलंय. आळंदी फाट्याच्या अलीकडची ती रात्र. ॲसिडचा टँकर, खालच्या वालमधून धार लागलेली, पांढरा धूर रस्त्यावर पसरलेला. ड्रायव्हर पोरसवदा, क्लीनर पळालेला. केबिनमधलं मालाची माहिती सांगणारं ट्रेम कार्ड काढलं तर ती झेरॉक्स, तीही कॉस्टिक सोड्याची. म्हणजे आत ॲसिड आणि कागदावर त्याच्या नेमकं उलट! तुम्ही कागद दुमडून खिशात टाकलात, शिव्या नंतरसाठी ठेवल्यात आणि आधी समोरच्या हॉटेलच्या तंदूरचा धूर कुठं जातोय ते बघितलंत. मग आम्हा सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेलंत. पाण्याचा टँकरवाला मदतीला धावून आला होता, बिचारा पाइप सोडायलाच निघाला होता. त्याच्यावर ओरडलात, "धुऊन कुठं धाडनार? वढ्याला. वढा इंद्रायनीला. खाली आळंदी हाय, आळंदी!" तो जागच्या जागी थांबला. कुठल्याही केमिस्ट्रीपेक्षा त्याला आळंदी लवकर कळली.

जेसीबीवाल्याला उठवून मातीचा बांध घातला. शेजारच्या बांधकामावरून चुन्याच्या गोण्या आणल्या, आणि तुम्ही मला सांगत होतात, कडेनं टाक, थोडा थोडा टाक, एकदम वतलास तर उकळी फुटंल. मांडववाल्याकडून दोर आणला. एक हवालदार आला, त्याला आपण घुसखोर वाटलो, आणि पाचच मिनिटांत तो तुमच्या सांगण्यावरून गाड्या वळवत होता. उजाडताना कंपनीचा दुसरा टँकर आला, माल उपसून घेतला, रस्ता मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळही नव्हती. मी चिडले होते. तुम्ही म्हणालात, "काय छापतील? काही झालंच न्हाई. ह्योच आपला पगार."

खरं सांगा अण्णा, त्या पगारावर पोट भरलं का तुमचं?

आता तुमच्यावरचा राग. तुम्ही इथून गेलात ते एका कागदापायी. कुणीतरी विचारलं, तुमचं शिक्षण काय, डिप्लोमा आहे का, प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आहे का. तुम्ही नाही म्हणालात, खडू ठेवलात आणि घरी गेलात. एका शब्दानं भांडला नाहीत. ड्रायव्हरच्या हक्काच्या चार रुपयांसाठी ट्रान्सपोर्टरच्या दारात बसणारा माणूस स्वतःच्या वेळी गप्प बसतो, हे काय? नियमाला मान्यताप्राप्त संस्था लागते, कबूल. धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला तीन दिवसांचं प्रशिक्षण लागतं, ते मान्यताप्राप्त संस्थेतच व्हायला हवं, त्याला घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एखादी भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी, हे सगळं 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. सावध ड्रायव्हिंग, मालाची माहिती, अपघातात काय करायचं, सगळं त्या अभ्यासक्रमात आहे. वाईट नाहीये तो. पण तीन दिवसांचं सर्टिफिकेट एका दुपारी कुठं मिळतं, हे ड्रायव्हरच मला चहाच्या टपरीवर सांगतात. आणि लायसन्सवरची ती नोंद पूर्वी दर वर्षी एक दिवसाच्या उजळणीनंतर नवी व्हायची. 2019 च्या दुरुस्तीनं ती तीन वर्षांवर नेली. आरटीओतली खेप वाचली म्हणून मंडळी खूश आहेत. मला ते चुकीचं वाटतं. हाताला लागलेली सवय तीन वर्षं न वापरता टिकते, असं समजणाऱ्यानं श्वसनाचा बीए सेट पाठीवर घेऊन एकदा जिना चढून बघावा.

मला तो जिना आठवतो. पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क, आणि तुम्ही खाली घड्याळ घेऊन. सिलिंडरवर लिहिलेली मिनिटं ही बेताचं काम करणाऱ्या माणसाची असतात, धापा टाकणाऱ्याची नाहीत, हे मी तिथं शिकले. शिट्टी वाजली की वाद नाही, हातातलं काम टाकून मागे फिरायचं. आत दोघं तर बाहेर दोघं तयार. मी एकदा शिट्टीनंतरही वर जायला बघत होते, कारण खाली सगळे पुरुष उभे होते आणि मला त्यांना दाखवून द्यायचं होतं. तुम्ही वरपर्यंत आलात, खांद्याला धरून खाली आणलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "हिला माघारी यायला जमलं, तुमाला जमतंय का बघू." तुम्हाला ठाऊक नसेल, पण मी या नोकरीत टिकले ती त्या वाक्यामुळे.

आता मॉक ड्रिल कसं होतं सांगू? 4 मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन. सायरन किती वाजता होणार ते सगळ्यांना आदल्या दिवशीच माहीत. माणसं ओळीनं असेंब्ली पॉइंटला जातात, हजेरी होते, फोटो, चहा, सामोसा. तुम्ही एकदा मध्येच हात वर करून मॅनेजरला विचारलं होतंत, "साहेब, आज वारं गोडाऊनकडून हिकडं हाय. ग्यास सुटला तर ही समदी रांग कुठं उभी हाय?" सगळ्यांनी वर बघितलं. वाऱ्याची पिशवी खांबाला गुंडाळून बसलेली. ती सोडवायला शिडी आणली, मग ड्रिल पुढं गेलं. त्या कंपनीनं पुन्हा तुम्हाला बोलावलं नाही. असेंब्ली पॉइंट मात्र दोन केले, वारं बघून जायचे. हे तुम्हाला कुणी कळवलं नसेल म्हणून मी कळवते.

कुरुळीचं काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. इंद्रायणी ओलांडली की पालिकेची हद्द संपते. पोलीस पिंपरी-चिंचवडचे, तहसील खेडची, महामार्ग केंद्राचा, आणि मधे आपलं गाव. मोशीपासून चाकणपर्यंत टँकर, कंटेनर, ट्रेलर एकमेकांना खेटून उभे असतात. दापोडीला लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात रासायनिक हल्ल्यापासून बचावाचं शिक्षण देतात, सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन बसली आहे. एवढी जाणती माणसं इतक्या जवळ असणारा औद्योगिक पट्टा दुर्मीळच म्हणायचा. पण चाकणच्या तळेगाव चौकातली संध्याकाळची कोंडी त्यांच्या गाडीलाही चुकत नाही. तोवरचा वेळ टपरीवाल्याचा, ड्रायव्हरचा, गेटवरच्या वॉचमनचा.

मी परवा बॅचला घेऊन फाट्यावर उभी राहिले. आगीत सापडलेला एलपीजीचा टँकर असेल तर सगळ्या बाजूंनी 1600 मीटर मोकळे करा, असं आणीबाणीच्या मार्गदर्शिकेत छापलेलं आहे. म्हटलं, मोजा. काय काय येतं त्यात? वर्कशॉप आलं, मंगल कार्यालय आलं, शाळा आली, जमिनी गेल्यावर गावकऱ्यांनी भाड्यासाठी बांधलेल्या खोल्यांच्या रांगा आल्या. त्या खोल्यांत लातूर-नांदेडपासून बिहारपर्यंतची पोरं, रात्रपाळी करून दिवसा झोपलेली. त्यांना कोण उठवणार? कुठल्या भाषेत? एलपीजी हवेपेक्षा जड, तो पाण्यासारखा उताराला लागतो, गटारात शिरतो, तळघरात साचतो. जो पांढरा ढग दिसतो तो तर नुसती हवेतली वाफ गोठलेली. गॅस त्या ढगाच्याही पुढं गेलेला असतो, न दिसता. आणि वाटेत कुणाच्या तरी खोलीत स्टोव्ह पेटलेला असतो.

त्यात आता चोरीचा धंदा. तुम्ही गेल्यावर हे फार वाढलं. 2023 च्या ऑक्टोबरात ताथवड्याला टँकरमधून चोरून सिलिंडर भरताना एकामागून एक सिलिंडर फुटले, शेजारी उभ्या शाळेच्या बस जळाल्या. 2024 च्या मे महिन्यात आपल्याच तालुक्यात, शेलपिंपळगावला, गॅस काढताना टँकरच फुटला. ही माणसं टँकरचा वाल ओळखतात, नळी कुठं लावायची ते ओळखतात. त्यांना हे कुणी शिकवलं असेल? आपल्यासारख्याच कुणीतरी जुन्या ड्रायव्हरनं. शिकवणारे त्या बाजूलाही आहेत, अण्णा, आणि त्यांना कुणी प्रमाणपत्र विचारत नाही.

आणि टँकरच लागतो असंही नाही. नदीपलीकडे तळवड्यात 2023 च्या डिसेंबरात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवताना बायका जळाल्या. त्याच दिवशी सहा जणी गेल्या, नंतर आकडा वाढत गेला. केकवर लावायची वस्तू! तिच्या खोक्यावर कुठली चौकट असणार आणि कुठला नंबर?

नवीन एक आलंय, तुमच्या वेळी नव्हतं. चाकणमध्ये विजेवरच्या गाड्या बनायला लागल्या, त्यामुळे लिथियम बॅटऱ्यांचे कंटेनर. नववा वर्ग, नंबर 3480. आग विझली म्हणून आपण बीए सेट उतरवावा आणि काही तासांनी ती आतून पुन्हा पेटावी, असा प्रकार. धुरात हायड्रोजन फ्लोराइड. पाणी लागतं, पण भरपूर आणि बराच वेळ, थंड करत राहायला. म्हणजे पुन्हा तेच, वाट बघणं आणि लोकांना लांब ठेवणं. मी शिकवते ते. पण शिकवताना मला तुमची आठवण येते, कारण 'विझली' असं वाटल्यावरही उभं राहायचा कंटाळा न येणारा माणूस मी तुमच्याखेरीज बघितला नाही.

आता मूळ भांडण. तुम्ही आम्हाला गर्दी हटवायला शिकवलंत ते तुमच्या आवाजानं, तुमच्या मिशांनी आणि पांढऱ्या केसांनी. ते माझ्याकडे कुठून यायचं? माझ्या हाताखाली एक पोरगा आहे, बावीसचा, कंत्राटावर. हुशार, धाडसी, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला आत घुसणारा. त्याच्या कामाच्या रील्स लोक बघतात. त्याला 'थांब' हे कसं शिकवायचं? तुमचा तो आवाज मी काढून बघितला, गर्दी हसली.

मग मी त्या ॲसिडच्या रात्रीचा पुन्हा विचार केला. तुम्ही ओरडलात एकदाच, पाण्याच्या टँकरवाल्यावर. बाकी वेळ तुम्ही काय करत होतात? हॉटेलवाला गल्ला सोडायला तयार नव्हता, त्याला तुम्ही दोराचं एक टोक धरायला दिलंत. सगळ्यात जास्त आरडाओरडा करणाऱ्याला पाठवलंत दोनशे पावलांवर, गाड्या थांबवायला. हवालदाराला विचारलंत, "साहेब, तुमच्या हद्दीत हाय, कुठनं वळवायच्या?" बघायला आलेल्या म्हाताऱ्याला सांगितलंत, मागच्या खोल्यांत कोण झोपलंय ते तुमालाच ठावं, तेवढं उठवा. गर्दीतल्या चौघांना काम मिळालं आणि त्यांनीच बाकीच्यांना मागं रेटलं. हे तुम्ही कधी फळ्यावर लिहिलं नाहीत. कदाचित तुम्हाला स्वतःलाही माहीत नसेल की हे एक तंत्र आहे. आता मी तेच करते, माझ्या आवाजात, आणि ते चालतं. पण हे मला असं उकरून काढावं लागलं, याचा राग आहे. अजून काय काय असेल जे तुम्ही करता आणि सांगत नाही? ती तुमची निळी वही, ज्यात टँकरचे नंबर, वालचे प्रकार आणि कुठल्या ढाब्यावर कोण भरवशाचा, असं सगळं लिहिलंय, ती काकूंच्या ट्रंकेत घालून ठेवायला आहे का?

आणि गाव शिकवायचं राहिलंच आहे. भोपाळनंतर बारा वर्षांनी, 1996 साली, रासायनिक अपघातांचे नियम आले. त्यांनी स्थानिक संकट गट सांगितला. त्यात प्रांत, फॅक्टरी इन्स्पेक्टर, फायर, पोलीस, धोकादायक माल नेणारे वाहतूकदार, डॉक्टर, स्थानिक पेपरचा संपादक आणि सरपंचसुद्धा. दर महिन्याला बैठक, सहा महिन्यांतून एकदा पूर्ण मॉक ड्रिल, लोकांना माहिती देणं हेही त्याच गटाचं काम. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुमचे डोळे चमकले होते, "म्हंजे सरपंचाला खुर्ची हाय तिथं?" आहे. खुर्ची आहे. तिच्यावर बसून काय बोलायचं, हे त्याला सांगणारा माणूस साताऱ्याकडे जाऊन आंब्याच्या झाडांना पाणी घालत बसलाय.

म्हणून हे पत्र. पुढची बॅच बसते आहे. पहिल्या दिवशीचा पहिला तास मी रिकामा ठेवलाय. तुम्ही पाहुणे म्हणून यायचं, पाहुण्याला कागद लागत नाही, संस्थेकडून तसं लिहून घेतलंय. ड्रायव्हरांसोबत त्या दिवशी पहिल्यांदाच गावातली माणसंही बसणार आहेत : दोन हॉटेलवाले, खोल्यांचे तीन मालक, अंगणवाडीच्या ताई, आणि तो माझा पोरगा. तुम्ही फळ्यावर ती तारीख लिहायची आणि विचारायचं. बाकीचे तीन दिवस मी बघते.

नाशिककडे जाणारी एसटी धरा. कुरुळी फाट्याला उतरवत नसेल तर चाकणला उतरा, मी घ्यायला येईन. काकूंना आणा. वही आणा. वही आणली नाहीत तर मी स्वतः येऊन ट्रंक उघडेन, काकू माझ्या बाजूनं आहेत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
कुरुळीची पोरगी

ता. क. अण्णांच्या गावातल्या कुणाच्या हाती हा अंक पडला तर त्यांना माझा फोन उचलायला सांगावा. आणि इतर वाचकांनो, रस्त्यात टँकर आडवा झालेला दिसला तर आधी वाऱ्याच्या उलट बाजूला लांब व्हा, मग 112 लावा, पाठीवरचा चार आकडी नंबर लांबून दिसत असेल तर तो सांगा, आणि बरोबरच्याला दोराचं एक टोक धरायला द्या.